राजदूत व्हायचंय ना, मग आधी साहेबांना सांग

अगं,

परवा तलावपाळीला बाकावर बसून तू विचारलंस, काका, कंपनीत वीसेक वर्षं काढून थेट राजदूत होता येतं का, आणि मी भेळेच्या नादात नुसतं "येतं की" म्हणून मोकळा झालो. नौपाड्यात घरी येईपर्यंत ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय, लांबलं तर चालवून घे.

येतं, पण त्याला अर्जबिर्ज नसतो. आपल्याकडे बहुतेक राजदूत आयएफएसमधले, म्हणजे परराष्ट्र सेवेतलेच. यूपीएससीला ओपनमधनं वय 32 पर्यंत आणि अटेम्प्ट सहा, तू सव्वीसची, म्हणजे ते दार अजून उघडं आहे पण तुझं मन त्यात नाही हे दिसलंच मला. बाहेरचा माणूस पाठवायचा तर सरकारच्या मनात यावं लागतं आणि ज्या देशात जायचं त्यानेही आधी हो म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यायची सक्ती नाही, 1961 च्या व्हिएन्ना करारात तसं चक्क लिहिलंय. अमेरिकेत निवडणुकीला मोठा फंड देणाऱ्यांनाही अशी पदं मिळतात, पण तो रस्ता आपल्या खिशाबाहेरचा.

आपल्यातलं नाव हवं तर गगनविहारी मेहता बघ. जहाज कंपनीतला माणूस, फिक्की या उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष झालेले, 1952 ला वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले. 1955 मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर रेस्टॉरंटमध्ये त्यांना रंगावरून वेगळं बसायला सांगितलं होतं, पुढे अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना माफी मागावी लागली. आणि नानी पालखीवाला, वकील खरे पण टाटांकडे डायरेक्टर, 1977 ते 79 तिथेच राजदूत.

पण तू वाचावंस असं मला वाटतं ते जपानच्या उइचिरो निवांबद्दल. नागोयात घरचं पुस्तकाचं दुकान, 1962 ला इतोचु या ट्रेडिंग कंपनीत लागले. न्यूयॉर्कला असताना सोयाबीनच्या सौद्यात जबरदस्त तोटा अंगावर आला, नोकरी जाणार असं वाटत होतं, तेव्हा त्यांच्या साहेबांनी बजावलं की काहीही लपवू नकोस, सगळं कंपनीला कळव. हेच निवा पुढे कंपनीचे प्रेसिडेंट झाले आणि बुडीत मालमत्तेचे सुमारे 395 अब्ज येन एका झटक्यात राइट ऑफ केले, म्हणजे तोटा म्हणून उघड मान्य केले, काही काळ स्वतःचा पगार घेतला नाही. 2010 ला जपानने त्यांना चीनला राजदूत म्हणून पाठवलं, त्या पदावर खासगी क्षेत्रातनं गेलेला पहिलाच माणूस.

2012 ला टोकियोच्या गव्हर्नरांनी सेनकाकू बेटं (जपानच्या ताब्यातली, पण चीनही हक्क सांगतो ती) विकत घ्यायचं काढलं, तेव्हा निवा एका पेपरला म्हणाले की असं झालं तर चीनशी गंभीर संकट उभं राहील. सरकारने हात झटकले, हे त्यांचं वैयक्तिक मत म्हणून. ऑगस्टमध्ये बीजिंगमध्ये त्यांच्या गाडीवरचा झेंडा कोणीतरी उपटून नेला, सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनेच बेटं घेतली, चीनभर दंगे झाले आणि डिसेंबरपर्यंत निवा परत मायदेशी. अंदाज त्यांचाच बरोबर निघाला म्हण. पण मी पूर्ण त्यांच्या बाजूने नाही हं. वरच्यांना कळवणं वेगळं आणि पेपरला सांगणं वेगळं, कंपनीचा प्रमुख बोलला की तेच कंपनीचं धोरण होतं, राजदूताचा आवाज मात्र सरकारचा असतो, मत कितीही पक्कं असलं तरी. ती सवय मोडायला त्यांना जड गेलं असावं.

आता माझी फजिती ऐक. 1994, ठाणे-बेलापूर रोडवर आमचं ऑफिस, व्हॉल्व्हचा एक कंटेनर न्हावाशेवा बंदरात कट-ऑफला, म्हणजे माल घ्यायच्या शेवटच्या वेळेला, पोचला नाही, जहाज गेलं. एलसीवर, म्हणजे बायरच्या बँकेने पैशाची हमी दिलेल्या पत्रावर, शिपमेंटची शेवटची तारीख होती, पुढचं जहाज त्यानंतरचं. मी चार दिवस साहेबांना म्हणत राहिलो, बीएल (माल जहाजावर चढल्याची पावती) येतंय, सीएचएकडे (कस्टमच्या एजंटकडे) आहे. मनात होतं की तेवढ्यात बायरला पटवून तारीख वाढवून घेऊ, कोणाला कळणारही नाही. पाचव्या दिवशी बायरचा फोन थेट साहेबांच्या टेबलावर. साहेब ओरडले नाहीत, नुसतं विचारलं, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" आणि मग स्वतःच म्हणाले, "त्याच दिवशी एलसी अमेंड करून घेतली असती." शेवटी बायरला डिस्काउंट द्यावा लागला आणि पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक फाइलवर दुसऱ्या कोणाची तरी सही लागायची.

तर लँग्वेजचा क्लास लाव, जपानी म्हणत होतीस ना, तीच लाव, मॅन्डरिनचं फॅड सोड. ट्रेड फेअरला पाठवत असतील तर नाही म्हणू नकोस, व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या मीटिंगा कंटाळवाण्या असतात तरी जा. पण भेळ खाताना तू ते महापेच्या ऑफिसातलं बोललीस, माल क्वालिटीत अडकलाय, कस्टमरला तारीख देऊन बसलोय, आणि मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही, ते ऐकून माझी भेळ घशाखाली उतरेना. ते उद्या सकाळी सांग. मेल नको, केबिनमध्ये जाऊन सांग, नवी तारीख हातात घेऊन. मॅनेजर काय म्हणाले ते मला फोन करून कळव, रविवारी मी त्याच बाकावर आहे.

तुझा,
काका