सीएचएन अ‍ॅनालिसिससाठी दोन मिलीग्रॅमचा नमुना अचूक कसा तोलायचा?

तुम्ही विचारलंय की एकाच पावडरचे तीन नमुने सीएचएन (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन) अ‍ॅनालायझरवर लावले तर कार्बन दरवेळी अर्धा-एक टक्का इकडेतिकडे होतो. मायक्रोबॅलन्स, म्हणजे अतिसूक्ष्म तराजू, ०.००१ मिलीग्रॅमपर्यंत (१ मायक्रोग्रॅम) दाखवतो, मग चुकतंय कुठे?

बॅलन्सला हात लावायच्या आधी आलेले आकडे नीट वाचा. मशीन नमुना टिनच्या छोट्या कॅप्सूलसकट भट्टीत जाळतं आणि फक्त कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन किती निघाले ते मोजतं. टक्केवारी काढताना ते तुम्ही भरलेल्या वजनाने भागतं. म्हणजे वजन चुकलं की तिन्ही मूलद्रव्यं एकाच प्रमाणात चुकतात, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं गुणोत्तर हलत नाही. तिन्ही रनमध्ये कार्बनच्या आकड्याला नायट्रोजनच्या आकड्याने भागून बघा. आकडे नाचतायत पण भागाकार तोच येतोय, तर दोष तोलण्यातच आहे, किंवा तोलल्यानंतर पावडर सांडतेय. भागाकार तोच आहे आणि तिन्ही रन एकसारखे कमी येतायत, तर नमुन्यात सिलिका जेल किंवा एखादा क्षार राहिलाय. कार्बन कमी आणि हायड्रोजन किंचित जास्त असेल, तर पाणी. १ टक्का ओल असली तर ६० टक्के कार्बनचा ५९.४ होतो, आणि तेव्हा बॅलन्सला शिव्या देऊन उपयोग नसतो. नुसता नायट्रोजन जास्त येत असेल तर बहुतेक वेळा कॅप्सूलमध्ये हवा कोंडलेली असते. १० मायक्रोलिटर हवेत साधारण ९ मायक्रोग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे २ मिलीग्रॅमच्या नमुन्यावर जवळजवळ ०.४५ टक्के. काही ऑटोसॅम्पलर (कॅप्सूल आपोआप भट्टीत टाकणारा भाग) हेलियमने ही हवा धुऊन काढतात, पण कॅप्सूल दाबून बंद करताना ती बाहेर काढणं तुमच्या हातात आहे.

आता वजनाचं गणित. २ मिलीग्रॅमवर १० मायक्रोग्रॅमची चूक म्हणजे ०.५ टक्के, म्हणून ६०चा कार्बन ५९.७ दिसेल. बरीच जर्नल्स सूत्रावरून काढलेल्या टक्केवारीपासून ±०.४ची मर्यादा लावतात. म्हणजे तोलण्यातच पाऊण मर्यादा संपली. मशीन आणि नमुन्याच्या वाट्याला काय उरलं? बोटाचा एक ठसा सहज काही दहा मायक्रोग्रॅमचा असतो, त्यामुळे टिन कॅप्सूल बोटाने उचलणं हा विषयच बंद. नेहमी चिमट्याने उचला, तोही इथेनॉलने पुसून वाळवलेला हवा.

बॅलन्सवर ०.००१ दिसतं म्हणून तो ०.००१पर्यंत खरं बोलतो असं नाही. तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलावर तो काय करतो ते तपासायचं असेल तर एक रिकामी कॅप्सूल दहा वेळा काढा, ठेवा, वजन लिहा आणि प्रमाण विचलन काढा. अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) ४१व्या प्रकरणातला नियम असा की विचलनाची दुप्पट भागिले वजन हे ०.१० टक्क्याच्या आत हवं. विचलन १ मायक्रोग्रॅम आलं तर कमीत कमी वजन २ मिलीग्रॅम. ३ मायक्रोग्रॅम आलं तर ६ मिलीग्रॅम! सीएचएनसाठी कुणी हा नियम तुमच्यावर लादणार नाही, पण आपण कुठे उभे आहोत हे दहा मिनिटांत कळतं. माझं मत विचाराल तर नवा बॅलन्स मागण्याआधी प्रत्येक लॅबने हा आकडा बॅलन्सच्या शेजारी चिकटवून ठेवावा.

विचलन मोठं आलं तर आधी वर बघा. एसीचा झोत थेट बॅलन्सवर येतोय का, पंखा चालू आहे का? मग टेबल: बॅलन्स दगडी स्लॅबवर, दारापासून लांबच्या कोपऱ्यात हवा. आणि तो रात्री बंद करू नका. वीज वाचवायला कुणीतरी स्विच बंद करतं आणि सकाळचं पहिलं सॅम्पल बॅलन्स गरम होण्याआधीच तोललं जातं, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

रीडिंग स्थिर होत नसेल तर ते कुठल्या दिशेने सरकतंय ते बघा. सावकाश, सतत वर जात असेल तर नमुना ओल खातोय. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात हायड्रोक्लोराइड क्षार तोलताना हे नक्की दिसेल. खाली जात असेल तर सॉल्व्हंट उडतोय. तीच कॅप्सूल दरवेळी वेगळं वजन दाखवत असेल, बॅलन्सचं दार उघड-बंद केलं की आकडा उडी मारत असेल, तर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज. हा हिवाळ्यातला आणि एसीच्या कोरड्या खोलीतला आजार. नायट्राइल ग्लोव्ह आणि प्लास्टिकची वायल त्यात भरच घालतात. आयोनायझर (स्थिर वीज घालवणारं उपकरण) असेल तर कॅप्सूल त्याच्यासमोरून न्या. नसेल तर धातूचा चिमटा वापरा, खोलीतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ओव्हनमधून काढलेला नमुना गरम असताना तोलला तर भोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. म्हणून डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि तो डेसिकेटर बॅलन्सच्याच खोलीत ठेवा.

तोलायची माझी पद्धत: रिकामी कॅप्सूल पॅनवर ठेवून टेअर करायची (आकडा शून्यावर आणायचा), मग बाहेर काढून भरायची. पॅनवरच भरू नका, सांडलेला कणही वजनात धरला जातो आणि भट्टीत मात्र जात नाही. भरून झाली की तोंड चिमटून, हवा दाबून काढत घट्ट गोळी करायची. मग ती गोळी स्वच्छ आरशावर दोन-तीनदा हलकेच टाकायची. आरशावर पावडर दिसली तर ती कॅप्सूल फेकून द्या, वाचवायचा मोह नको. काहीच दिसलं नाही तर बाहेरून ब्रश फिरवून पुन्हा पॅनवर ठेवायची आणि बंद झाल्यानंतरचं हे वजनच मशीनमध्ये भरायचं. शेवटी रिकाम्या पॅनवर शून्य येतंय का ते बघायचं. शून्य २-३ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सरकलं असेल तर मी ते वजन धरत नाही. याला वेळ लागतो, पण ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ प्रेगलने सूक्ष्म विश्लेषणाची ही पद्धत उभी केली (१९२३चं नोबेल त्यासाठीच) तेव्हाही हॅम्बुर्गच्या कुलमानने बनवलेल्या मायक्रोग्रॅमपर्यंतच्या तराजूवरच सगळा डोलारा होता.

हवेच्या उत्प्लावनाची (हवा वस्तूला किंचित वर ढकलते त्याची) भीती बाळगू नका. सेंद्रिय पावडरीसाठी ती चूक ०.१ टक्क्याच्या आत असते, आणि स्टँडर्ड (टक्केवारी आधीच माहीत असलेला पदार्थ) तशाच घनतेचं असलं की बहुतांश कटते. अ‍ॅसिटॅनिलाइड घ्या: कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६. दर आठ-दहा नमुन्यांमागे एकदा ते अनोळखी नमुन्यासारखं लावा आणि वजनही मुद्दाम नमुन्याच्या आसपासचंच घ्या.

अ‍ॅसिटॅनिलाइडचा कार्बन-नायट्रोजन भागाकार ६.८६ यायला हवा. तो येत नसेल तर तो दोष बॅलन्सचा नाही. मग रिडक्शन ट्यूबमधलं तांबं (नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं नायट्रोजन वायूत रूपांतर करणारं) कधी बदललं होतं ते लॉगबुकात बघा.