पोलंडला येण्याआधी इथल्या न्यायालयांबद्दल

तुमचा प्रश्न असा आहे: व्रोत्सवाफच्या कंपनीची ऑफर हातात आहे, बायको आणि मुलगी मागाहून येणार. पण पोलंडमध्ये न्यायालयं सरकारच्या मुठीत आहेत आणि युरोपियन युनियनने त्यावरून दंड ठोकलाय, असं तुमच्या वाचनात आलं. उद्या नोकरीवरून किंवा घरमालकाशी वाजलं, तर परक्या माणसाला तिथे न्याय मिळेल का? प्रश्न रास्त आहे. बहुतेक जण पगार, थंडी आणि तूरडाळ कुठे मिळते एवढंच विचारतात. मी बरीच वर्षं याच शहरात राहतोय आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दंडाची बातमी खरी आहे, पण त्यामागची गोष्ट कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. 2015 च्या शेवटी ‘लॉ अँड जस्टिस’ पक्षाचं सरकार आलं. कायदे संविधानात बसतात का हे ठरवणाऱ्या सांविधानिक न्यायाधिकरणावर आधीच्या संसदेने रीतसर निवडलेल्या तीन न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी शपथच दिली नाही आणि नव्या संसदेने त्या जागी दुसरे तिघे बसवले. खरा घाव पडला तो डिसेंबर 2017 मध्ये. इथे न्यायाधीशांच्या नेमणुकीची शिफारस राष्ट्रीय न्याय परिषद करते. तिच्या 25 सदस्यांपैकी 15 जण न्यायाधीश असतात आणि त्यांना आधी न्यायाधीशच निवडून देत. नव्या कायद्याने ही निवड सेयमकडे, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाकडे गेली. ज्याच्याकडे बहुमत, त्याची परिषद. आपल्याकडे कॉलेजियमबद्दल कितीही नाराजी असली, तरी लोकसभेतल्या बहुमताने उद्या हायकोर्टाचे न्यायाधीश निवडायचे ठरवले तर काय होईल, याचा विचार करून बघा. त्याच महिन्यात युरोपियन कमिशनने पोलंडविरुद्ध कलम 7 लावलं, म्हणजे युनियनची मूलभूत मूल्यं धोक्यात आणणाऱ्या सदस्य देशावरची कारवाई सुरू केली. युनियनच्या इतिहासात ते पहिल्यांदाच वापरलं गेलं.

ओल्श्टिन शहरातले एक न्यायाधीश आहेत, पावेल युशचिशिन. त्यांच्यासमोर एक साधं दिवाणी अपील होतं. खालच्या कोर्टात निकाल देणारा न्यायाधीश या नव्या परिषदेच्या शिफारशीने आलेला होता. तेव्हा युशचिशिन यांनी विचारलं, की परिषदेवरच्या सदस्यांच्या उमेदवारीला पाठिंबा देऊन सह्या कोणी केल्या, ती यादी दाखवा. बस, एवढंच. फेब्रुवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टातल्या, न्यायाधीशांवर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या नव्या शिस्तपालन कक्षाने त्यांना निलंबित केलं, पगारही 40 टक्के कापला. त्याआधी जानेवारीत वॉर्सात हजारो न्यायाधीश आणि वकील झगे घालून मुकाट रस्त्यावर चालले. इतर युरोपीय देशांचे न्यायाधीशही त्यांच्या बरोबर होते. पोलंडबद्दल मला जो आदर वाटतो, त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

दंड याच कक्षासाठी होता. युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने कक्षाचं काम थांबवायला सांगितलं, सरकारने ऐकलं नाही, म्हणून 27 ऑक्टोबर 2021 ला रोज 10 लाख युरो असा दंड बसला. एप्रिल 2023 मध्ये तो निम्मा झाला. एकूण रक्कम 50 कोटी युरोंच्या वर गेली आणि पोलंडला मिळणाऱ्या युरोपीय निधीतून ती वळती करून घेतली गेली.

हे सगळं बड्यांचं भांडण, आपला काय संबंध, असं मनात येईल. त्यावर एक उदाहरण देतो. क्सेरो फ्लोर नावाची हिरवळीचे गालिचे पिकवणारी एक कंपनी आहे. रानातल्या जनावरांनी तिची हिरवळ वारंवार तुडवली आणि मंत्रालयाच्या नियमामुळे भरपाई कमी मिळाली. कंपनी शेवटी सांविधानिक न्यायाधिकरणात गेली. तिथल्या पीठावर त्या आधीच भरलेल्या जागांवर बसवलेल्यांपैकी एक जण होता, आणि प्रकरण बंद करण्यात आलं. 7 मे 2021 ला स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं, की असं पीठ हे कायद्याने स्थापन झालेलं न्यायालयच नव्हे. तक्रार हिरवळीची, आणि निकाल साऱ्या युरोपात गाजला.

आता आजची स्थिती. डिसेंबर 2023 मध्ये टुस्क यांचं सरकार आलं, 2024 च्या मे महिन्यात कलम 7 ची कारवाई मागे घेतली गेली, अडकलेला निधीही सुटला. पण गुंता सुटलेला नाही. परिषद पूर्ववत करणारा कायदा दुदा यांनी सही न करता न्यायाधिकरणाकडे पाठवला. ऑगस्ट 2025 पासून राष्ट्राध्यक्ष असलेले नाव्रोत्स्की त्याच आधीच्या सत्ताधारी पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आलेत. दरम्यान नव्या परिषदेच्या शिफारशीने नेमलेले दोन हजारांहून जास्त न्यायाधीश रोज निकाल देतायत. त्यांचं काय करायचं यावर देश दुभंगलाय. तुमचं प्रकरण त्यांच्यातल्या एखाद्यासमोर गेलं, तर वकिलाशी पहिल्याच भेटीत त्याबद्दल बोला. समोरची बाजूही तो मुद्दा काढू शकते. त्यात वेळ जातो, आणि मला खरी काळजी या वेळेचीच वाटते.

कारण खालच्या कोर्टांत काम चालतं. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही शिकवण मात्र इथे आणू नका. माझ्या एका नागपूरच्या सहकाऱ्याला कंपनीने काढलं. कारण दिलं पुनर्रचना, आणि लगेच त्याच पदाची जाहिरात टाकली. तो कामगार न्यायालयात गेला, मी सोबत होतो. जांभळ्या काठाचा काळा झगा, गळ्यात गरुडाची साखळी, अशा न्यायाधीश बाई होत्या. दुभाष्या कोर्टानेच दिला होता. बाईंनी कंपनीच्या वकिलासमोर जाहिरातीचा कागद ठेवला आणि दोन्ही पदांतला फरक सांगा म्हणाल्या. त्याला तो सांगता आला नाही. वर्षाहून जास्त काळ लागला, पण तीन महिन्यांचा पगार भरपाई म्हणून मिळाला. कायद्यात साधारण तेवढीच कमाल मर्यादा आहे.

तेव्हा करार ‘उमोवा ओ प्रात्से’ म्हणजे पक्क्या नोकरीचाच मागा. ‘उमोवा झ्लेत्सेन्या’ असेल, म्हणजे नोकरीवर न घेता फक्त काम सोपवण्याचा करार असेल, तर ही संरक्षणं बहुतेक मिळत नाहीत. काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून कोर्टात जायला फक्त 21 दिवस असतात. असा दावा दाखल करायला कामगाराला कोर्ट फी नाही. घर भाड्याने घेताना घरमालक नोटरीकडे नेऊन घर खाली करण्याची हमी लिहून मागतो. ते कायदेशीर आहे, पण शपथबद्ध अनुवादकाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पुढे कर्ज काढून घर घेणार असाल, तर स्विस फ्रँकशी जोडलेल्या, म्हणजे फ्रँक महागला की हप्ता वाढणाऱ्या, गृहकर्जात अडकलेल्या पोलिश कुटुंबांचे खटले जरूर वाचा. 3 ऑक्टोबर 2019 च्या लक्झेंबर्गच्या निकालानंतर ते बँकांविरुद्ध मोठ्या संख्येने जिंकत गेले. तो प्रश्नही वॉर्सातल्या एका कोर्टानेच तिकडे पाठवला होता.

कराराचा दोन भाषांतला मसुदा आला की ‘करार संपवणे’ हे कलम आधी पोलिश स्तंभात बघा. दोन भाषांत फरक निघाला तर कोणता मजकूर ग्राह्य धरायचा, ते बहुधा शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं.