पुण्यात राहून माफक किमतीत चांगली रेड वाइन कशी निवडावी?

परदेशी वाइनवर भरमसाट सीमाशुल्क पडत असल्यामुळे, तिकडे साधी समजली जाणारी बाटली इथे महाग होते. म्हणून त्याच पैशात नाशिक परिसरातील शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेझे (दोन्ही नावे काळ्या द्राक्षांच्या जातींवरून पडलेली) घेतली, तर माझ्या मते पेल्यात अधिक चांगली वाइन पडते.

बाटलीवर द्राक्षहंगामाचे वर्ष अवश्य पाहावे. आपल्याकडील स्वस्त रेड वाइन मुरवत ठेवण्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे त्यांच्यात अलीकडचे वर्ष श्रेयस्कर असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे दुकानातील साठवण. मे महिन्याच्या उकाड्यात, काचेतून ऊन येणाऱ्या फळीवर उभी राहिलेली बाटली आतून बिघडलेली असू शकते. बूच वर आलेले दिसले, गळ्याशी चिकट ओघळ असला किंवा वाइनची पातळी खाली गेलेली असली, तर किंमत कितीही आकर्षक असो, ती घेऊ नये.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला थंड देशांतील घरांना लागू पडतो. आपल्याकडे ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून साधारण 16 ते 18 अंशांना ओतावी, म्हणजे अल्कोहोलचा उग्रपणा मागे राहून फळाचा स्वाद पुढे येतो. शिराझमध्ये मिऱ्याची झाक असते, त्यामुळे मिरे घातलेल्या सुक्या मटणाबरोबर ती सुरेख लागते. मात्र झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक) आणि अल्कोहोल यांमुळे तिखट अधिकच भडकते. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते.