वस्ती आणि नाला-पुनरुज्जीवन या विषयावर आर्किटेक्चरचा थिसीस करतोय. पुरस्कार मिळणाऱ्या प्रकल्पांत नेमकं काय असतं?

चांगली शीट, म्हणजे ड्रॉइंग्जचा कागद असतो, हे एका ओळीतलं उत्तर. विद्यार्थी स्पर्धांत इमारत बांधलेली नसते, त्यामुळे ज्युरी कागदच बघणार. ब्रिटनच्या आरआयबीए या आर्किटेक्ट्सच्या संस्थेची, विद्यार्थ्यांसाठीची प्रेसिडेंट्स मेडल्स १८३६ पासून दिली जातात, तीही ड्रॉइंग आणि लेखनावरच. त्यात गैर काही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

माझा थिसीसही नाल्याकाठच्या वस्तीवरच होता. मी घरोघरी जाऊन उंबऱ्यांची उंची मोजली. पाणी कुठवर चढतं ते लोकांनीच भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. एका घराने उंबऱ्यावर विटांचा थर चढवला होता, शेजारच्याने नव्हता. पाणी शिरायचं ते त्या शेजाऱ्याकडे. ही पुराची रेघ मी सगळ्या सेक्शन्समधून (उभ्या छेदांमधून) सलग नेली. घरं तशीच ठेवली, जोती उचलली, सांडपाण्याची लाइन वेगळी काढली आणि नाल्याच्या कडेने पाणवनस्पतींचा पट्टा दिला. ज्युरीतले सर म्हणाले, "यात तुझं डिझाइन कुठंय?" बक्षीस मिळालं ते अख्खी वस्ती पुसून तिथे टॉवर्स आणि हिरव्या भिंती काढणाऱ्या प्रकल्पाला. बांधकाम चालू असताना ती कुटुंबं राहणार कुठे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

असलेलं राखणं हेही डिझाइनच आहे, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्राँ पार्क या वसाहतीत लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट्सनी (द्रुओ आणि ह्युतां यांच्यासोबत) ५३० फ्लॅट्स न पाडता बाहेरून ३.८ मीटर खोल गॅलऱ्या जोडल्या. रहिवासी आपापल्या घरातच राहिले. त्याला २०१९ चा मीस व्हॅन डर रोहे हा युरोपातला आर्किटेक्चर पुरस्कार मिळाला आणि २०२१ ला लाकातों-वासाल यांना प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा पुरस्कार. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीत तर बऱ्याच प्लॉटवर जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा एवढंच दिलं होतं, घर लोकांनी वाढवलं. १९९५ ला आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार मिळाला त्याला. यात डिझाइन कुठंय, असं कोण विचारणार?

आणि विद्यार्थी बांधू शकत नाहीत, हेही खरं नाही. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ १९९३ पासून विद्यार्थ्यांकडूनच गरिबांची घरं बांधून घेतो. २००५ पासून त्यांचं वीस हजार डॉलरच्या घराचं काम सुरू आहे. पाया, छप्पर, मजुरी सगळं खर्चात बसवायचं म्हटलं की रेंडरमधले (कॉम्प्युटरवर काढलेल्या देखण्या चित्रातले) पक्षी आपोआप उडून जातात.

तेव्हा तुम्ही आधी सांडपाण्याचा सेक्शन काढा, १:५० या स्केलला. संडासाचा पाइप कुठे जातो ते त्यात दिसलं पाहिजे. ते न दाखवता नाल्याकाठी बाकं आणि झाडं काढलीत तर त्याला पुनरुज्जीवन म्हणू नका. गाइड कितीही म्हणाले तरी वस्ती पुसू नका.

अर्थात घरं पुराच्या मुख्य प्रवाहातच असतील, किंवा कडा खचत असेल, तर हलवावीच लागतील. पण मग नवी जागा कामाच्या ठिकाणापासून किती लांब आहे तेही त्याच शीटवर दाखवा. आणि बक्षीसच हवं असेल तर स्पर्धेचं ब्रीफ (काय मागितलंय ते) नीट वाचा, पॅनेलवरच्या लोकांनी स्वतः काय बांधलंय ते बघा. माझ्या पॅनेलवर वस्तीत काम केलेलं एकही माणूस नव्हतं.