गाडीच्या रिमोट चावीचं नुसतं कव्हर बदलताना

बटणांचं रबर फाटलं म्हणून लगेच शोरूममधून नवी चावी मागवू नकोस. आतलं सर्किट ठणठणीत असेल तर बाजारातलं रिकामं कव्हर पुरतं. घेताना बटणांची संख्या आणि पात्याची बैठक जुन्याशी ताडून बघ.

खरी गोम इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपमध्ये. काही चाव्यांत ती सर्किटवरच असते, काहींत नखापेक्षा लहान काळा किंवा काचेचा तुकडा कव्हरच्या कोपऱ्यात वेगळा खोचलेला असतो. तो जुन्यातच राहिला तर दारं उघडतील, पण गाडी सुरू होणार नाही. म्हणून इंजिन चालू होईपर्यंत जुनं कव्हर फेकायचं नाही!

जुनं पातं बसलं तर उत्तम, नाहीतर चावीवाल्याकडून नवं कापून घे. उघडतानाच सेलची प्लस बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढ. स्वस्त कव्हरची बटणं जरा कडक लागतात, चालायचंच.