केप टाउनचा टेबल माउंटन चढायला गाइड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात केप टाउनला चाललोय, सोबत बायको आणि चौदा वर्षांचा मुलगा, सह्याद्रीतले बरेच किल्ले केलेत, मग टेबल माउंटनसाठी गाइडवर पैसे कशाला घालवायचे? मी इथे नोकरीनिमित्त राहते आणि डोंगरावर जाणं-येणं असतं, म्हणून सांगते. कुठल्या वाटेने चढणार त्यावर सगळं आहे. प्लॅटेक्लिप गॉर्जने जाणार असाल तर वाट दाखवायला गाइडची गरज नाही, इंडिया व्हेन्स्टरने जायचं मनात असेल तर गाइडशिवाय सुरुवातच करू नका.

प्लॅटेक्लिप म्हणजे सरळसरळ नाळेची, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीची वाट. टाफेलबर्ग रोडवर केबल कारच्या खालच्या स्टेशनपासून दीडेक किलोमीटर पुढे गेलात की सुरू होते, दगडी पायऱ्या, वळणावर वळणं, चुकायला जागाच नाही. 1503 मध्ये अँतोनियो द साल्दान्या नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी या डोंगरावर चढला, तीच चढाईची पहिली नोंद, आणि तो याच नाळेतून गेला असं मानतात. उभी चढाई साधारण 700 मीटर, दोन ते तीन तास धरा. तुम्हा सह्याद्रीवाल्यांना दम लागेल पण अवघड असं काही नाही.

त्रास उन्हाचा. ही नाळ डोंगराच्या उत्तर अंगाला आहे आणि आपल्याकडे उत्तरेचा उतार सावलीचा असतो, तसं समजून लोक आरामात नऊ-दहाला निघतात, पण हा दक्षिण गोलार्ध, इथे सूर्य उत्तरेकडूनच फिरतो, त्यामुळे डिसेंबरात सकाळपासूनच पाठ भाजत राहते आणि सावली मिळते ती पार वर, नाळ अरुंद होऊन दोन्हीकडचे कातळ जवळ येतात तिथे. सहाच्या आधी चांगलं उजाडलेलं असतं, तेव्हाच पाय उचला. माणशी दोन लिटर पाणी, कमी नको.

दुसरी गोष्ट वारा. उन्हाळ्यात इथे साउथ-ईस्टर, म्हणजे आग्नेयेकडचा वारा सुटतो, लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात. समुद्रावरची दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होऊन तिचा ढग होतो आणि तो सपाट माथ्यावरून शहराच्या बाजूला सांडतो, खाली उतरला की विरून जातो. हाच तो टेबलक्लॉथ. खालून फोटो काढायला झकास, पण त्याच वेळी तुम्ही वर असाल तर दहा पावलांवरचं दिसत नाही, घामाने भिजलेला शर्ट अंगाला बर्फासारखा चिकटतो आणि भोंगा वाजवून केबल कार बंद करतात. मग उतरायचं कसं, पायीच. म्हणजे चढून आधीच थकलेल्या गुडघ्यांवर त्याच सगळ्या पायऱ्या परत. भर उन्हाळ्यातही विंडचीटर सॅकमध्ये असूच दे, आणि हेडटॉर्चही.

आता इंडिया व्हेन्स्टर. ही वाट केबलच्या खालच्या स्टेशनपासूनच सुटते, त्यामुळे पर्यटकांना वाटतं हीच मेन वाट, निघतात चपला घालून! वर रॉक पॅच आहेत, साखळ्या आणि कातळात ठोकलेल्या लोखंडी कड्या आहेत, एक्सपोजर, म्हणजे बाजूला उघडी दरी, चांगलंच आहे, आणि भलत्याच पायवाटेला लागलात तर थेट कड्याच्या तोंडाशी. रेस्क्यूच्या बातम्यांत हे नाव सारखं येतं. आम्ही गेलो तेव्हा गाइडने निघायच्या आधी प्रत्येकाची पाण्याची बाटली बाहेर काढायला लावली, एकाकडे अर्धा लिटरच होतं, त्याला सरळ सांगितलं भरून आण नाहीतर इथेच थांब. लोखंडी कड्यांच्या टप्प्यावर तो आधी वर गेला नाही, खाली उभा राहून एकेकाचा बूट हाताने धरून खाचेत बसवत होता. पैसे याचेच असतात हो, गप्पांचे नाही. (गप्पाही चांगल्या मारतात म्हणा, डोंगरावरचा सशाएवढा डासी नावाचा प्राणी हत्तीचा नातेवाईक आहे हे तुमच्या मुलाला ऐकायला मजा येईल. फक्त खाऊ घालू नका, चावतो.) या वाटेने चढायचं फक्त, उतरायचं नाही.

गाइड ठरवताना नोंदणीचा बॅज आणि कार्ड बघा, इथे नोंदणी नसलेल्याला पैसे घेऊन गाइडगिरी करता येत नाही. वारा सुटला तर तारीख बदलून देणार का, आणि सांगितलेल्या रँडमध्ये केबलचं तिकीट धरलंय की वेगळं, हे आधीच विचारा. वारा असूनही 'काही नाही होत, जाऊया' म्हणणारा गाइड असेल तर तो सोडा.

चोऱ्यांबद्दल पण स्पष्ट लिहिते, डोंगरावर लूटमार होते, विशेषतः सुनसान वाटांवर. तिघं आहात, सकाळी प्लॅटेक्लिपला वर्दळ असते, तरी मोबाइल हातात नाचवत चालू नका.

माझं मत विचाराल तर मुलगा सोबत आहे तर प्लॅटेक्लिपने तुमचे तुम्ही चढा, वर पोचल्यावर डावीकडे मॅकलिअर्स बीकन, 1086 मीटर, सगळ्यात उंच जागा, जाऊन-येऊन दीड-दोन तास, दम असेल आणि आभाळ मोकळं असेल तरच. उजवीकडे पंधरा-वीस मिनिटांत केबलचं वरचं स्टेशन, तिथल्या कठड्यावरून सगळं शहर, शेजारचा लायन्स हेड डोंगर आणि लांब समुद्रात रॉबेन आयलंड दिसतं. खाली यायचं एकेरी तिकीट काढा, पाचेक मिनिटांत खाली. आणि डोंगरासाठी शेवटचा दिवस ठेवू नका, पहिल्या दोन दिवसांत जो बिनवाऱ्याचा सापडेल तो पकडा, बाकीचं फिरणं मागे-पुढे करता येतं.