हेड क्लीनिंग थांबवा, आधी कॅपिंग स्टेशन बघा

इंकजेट प्रिंटरच्या प्रिंटमध्ये पांढऱ्या रेघा येतायत म्हणून हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारं हेड साफ करायची प्रिंटरमधली सोय, पुन्हापुन्हा लावू नका. त्यात शाई वाया जाते आणि आतला वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषून घेणारा) भरत जातो. दोन-तीनदा करूनही फरक पडत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे.

काम संपल्यावर हेड ज्या टोकाला जाऊन थांबतं, तिथे रबरी कड असलेली छोटी डबी दिसेल. तेच कॅपिंग स्टेशन, म्हणजे हेडचं झाकण. त्या कडेवर शाई वाळून बसली की झाकण हेडला घट्ट लागत नाही. मग क्लीनिंगच्या वेळी हेडमधून शाई ओढणारा पंप शाईऐवजी हवा ओढतो आणि नोझल, म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात. क्लीनिंग करून प्रिंट आणखी बिघडत असेल तर मला पहिला संशय इथलाच येतो.

प्रिंटर चालू असताना हेड मध्यावर आलं की प्लग काढा, म्हणजे ते हाताने अलगद सरकवता येईल. डबीत डिस्टिल्ड वॉटरचे थोडे थेंब टाका, दहा मिनिटं मुरू द्या, मग धागे न सुटणाऱ्या कापडाने कड हळुवार पुसा. काळा चिकट गाळ निघेल. शेजारचं रबरी वायपरही पुसून घ्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्ये अडकतात.

हेडच्या मागची पारदर्शक पट्टी मात्र जपा! हेड कुठे आहे हे प्रिंटर तिच्यावरच्या बारीक रेघांवरून ओळखतो. तिला अल्कोहोल लावू नका, रेघा पुसल्या जाऊ शकतात.

सगळं सुकल्यावर प्लग लावा, एकदाच क्लीनिंग करा आणि नोझल चेक, म्हणजे सगळे नोझल चालतायत का ते दाखवणारी चाचणी प्रिंट, काढा.